थ्रॉटल पुढे केला तरी आरपीएम का हलत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आतापर्यंतचं सगळं शिक्षण वरच्या पंखांच्या आणि फिक्स्ड-पिच (पात्यांचा कोन कायम असलेल्या) प्रोपेलरच्या सेसना १७२ वर झालं, आता खालच्या पंखांचं आणि कॉन्स्टंट-स्पीड (पात्यांचा कोन बदलून फिरण्याचा वेग कायम धरणाऱ्या) प्रोपेलरचं विमान हातात आलंय. थ्रॉटल पुढे-मागे केला तरी आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा जागचा हलत नाही. इंधनाची टाकी निवडायच्या सिलेक्टरवर ‘बोथ’ (दोन्ही टाक्या) ही जागाच नाही आणि दर अर्ध्या तासाने टाकी बदला म्हणतात. या दोन यंत्रणा आतून चालतात कशा, हे तुम्हाला मुळापासून हवंय.

सांगतो, पण दोन वेगळे विषय म्हणून नाही. इंधनात काही बिघडलं की त्याची पहिली खूण बहुतेक वेळा प्रोपेलरच्या फिरण्यात दिसते. प्रोपेलरचा प्रकार बदलला की ती खूण दिसायची जागाही बदलते. नवीन विमानावर येणारे बहुतेक जण नेमके इथेच गोंधळतात, कारण डोळ्यांना सवय जुन्या काट्याची असते.

आधी प्रोपेलर. त्याला हवा मागे ढकलणारा पंखा समजू नका. प्रत्येक पातं म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच. राइट बंधूंना हे १९०३ च्या आधीच उमगलं होतं. जहाजांच्या प्रोपेलरची माहिती कामी येत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी पंखाचं गणित पात्याला लावलं आणि लाकडाचे साडेआठ फुटी प्रोपेलर स्वतः तासले. त्यांची कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या आसपास होती. आजच्या हलक्या विमानाचा चांगला प्रोपेलर क्रूझमध्ये (सरळ प्रवासात) ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जातो. शंभराहून जास्त वर्षांत एवढीच भर पडली, यावरून त्या दोघांच्या कामाची कल्पना यावी.

पात्याला पीळ का असतो, ते आकड्यांत बघू. ७६ इंच व्यासाचा प्रोपेलर २७०० आरपीएमने फिरतोय आणि विमान सेकंदाला ६० मीटर वेगाने पुढे जातंय असं धरा. पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २७३ मीटर वेगाने फिरतं, मधला भाग १३६ मीटरने आणि मुळाजवळचा त्याहून कितीतरी हळू. पुढचा वेग मात्र सगळ्या भागांना सारखाच, ६० मीटर. म्हणजे टोकाला हवा साधारण १२ अंशांनी भेटते आणि मध्यावर जवळपास २४ अंशांनी. पातं सरळ असतं तर एखाद्याच भागाला हवा योग्य कोनात मिळाली असती. म्हणून मुळाशी कोन मोठा आणि टोकाकडे कमी कमी होत गेलेला.

याच हिशोबातून आरपीएमची मर्यादाही कळते. १५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो. आपल्या पात्याचं टोक आत्ताच त्याच्या आठ-दशांशावर आहे. आणखी वेगाने फिरवलं तर आवाज प्रचंड वाढतो आणि ताकद टोकाशी वाया जाते. रोटॅक्स ९१२ सारखं इंजिन ५८०० आरपीएमपर्यंत जातं, पण त्याचा प्रोपेलर मध्ये गिअरबॉक्स घालून साधारण २४०० वरच ठेवावा लागतो, तो यामुळेच.

फिक्स्ड-पिच प्रोपेलरवर दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ ७६ आणि ६०. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. ६० इंच पिच म्हणजे हवा घट्ट असती तर एका फेऱ्यात प्रोपेलर ६० इंच पुढे सरकला असता. २७०० आरपीएमला हे गणित १३३ नॉट येतं. प्रत्यक्षात विमान याच्या थोडं मागेच राहतं. त्या फरकाला स्लिप म्हणतात, आणि तो हवाच. स्लिप शून्य म्हणजे पात्याचा अँगल ऑफ अटॅक (पातं आणि त्याला भेटणारी हवा यांतला कोन) जवळपास शून्य, म्हणजे विमानाला पुढे खेचणारी ओढही जवळपास शून्य.

पिच कायम असल्यामुळे इंजिनावरचा भार विमानाच्या वेगावर ठरतो. धावपट्टीवर उभे असताना पात्याचा अँगल ऑफ अटॅक सगळ्यात मोठा असतो, पातं हवेत जड जातं, आणि पूर्ण थ्रॉटल देऊनही १७२ च्या ‘एस’ मॉडेलचं इंजिन २३००-२४०० च्या पुढे जात नाही. या इंजिनाचे १८० हॉर्सपॉवर २७०० आरपीएमला मिळतात, तेव्हा टेकऑफच्या सुरुवातीला, जिथे ताकदीची सगळ्यात जास्त गरज, तिथे ती पूर्ण मिळतच नाही. उलट, थ्रॉटलला हात न लावता नाक खाली केलं तर पातं हलकं होतं आणि आरपीएम आपोआप चढतो. म्हणजे तुमच्या जुन्या विमानात टॅकोमीटर एकाच वेळी ताकदही दाखवत होता आणि वेगाचा परिणामही. तुम्हाला त्या मिश्रणाची सवय झाली आहे.

कॉन्स्टंट-स्पीडमध्ये हे मिश्रण वेगळं होतं. इंजिनावर बसवलेल्या गव्हर्नरमध्ये इंजिनाबरोबर फिरणारी दोन छोटी वजनं असतात आणि त्यांना दाबून धरणारी एक स्प्रिंग. निळ्या मुठीचा लिव्हर तुम्ही पुढे-मागे करता, तेव्हा या स्प्रिंगचा ताण बदलता, म्हणजे गव्हर्नरला सांगता की अमुक आरपीएम धर. आता थ्रॉटल पुढे केला. इंजिन वेगाने फिरू बघतं, वजनं बाहेर फेकली जातात, एक झडप उचलली जाते, गव्हर्नरच्या पंपाने दाब वाढवलेलं इंजिनचंच ऑइल पोकळ क्रँकशाफ्टमधून हबमध्ये (पाती बसवलेल्या मधल्या भागात) जातं आणि तिथला पिस्टन सरकून पात्यांचा कोन वाढवतो. भार वाढला, आरपीएम होता तिथे आला. हे सगळं इतक्या चटकन होतं की काटा क्षणभर थरथरला तर थरथरला. वाढलेली ताकद गेली कुठे? पात्याच्या वाढलेल्या कोनात. ती दिसते मॅनिफोल्ड प्रेशरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाच्या, पाऱ्याच्या इंचांत मोजलेल्या) काट्यावर.

एक इंजिन असलेल्या नेहमीच्या विमानांत ऑइलचा दाब कोन वाढवतो, आणि स्प्रिंग व फिरत्या पात्याचा स्वतःचा जोर कोन कमी करतो. त्यामुळे ऑइल गेलं की पाती लहान कोनावर येतात आणि आरपीएम मर्यादेबाहेर पळू बघतो. अशा वेळी थ्रॉटल मागे आणि वेग कमी, दुसरा इलाज नाही. दोन इंजिनांच्या विमानात उलट रचना असते. तिथे ऑइल कोन लहान ठेवतं, आणि ऑइल गेलं की काउंटरवेट, स्प्रिंग किंवा कोंडलेला नायट्रोजन पात्यांना फेदरपर्यंत, म्हणजे वाऱ्याला धार देऊन उभं राहीपर्यंत नेतात. बंद पडलेल्या इंजिनाचा प्रोपेलर ब्रेकसारखा लागू नये, हा त्यामागचा हेतू. मग रोज इंजिन बंद केल्यावर तो फेदर का होत नाही? कारण आरपीएम सुमारे ८०० च्या खाली आला की हबमधल्या खिट्ट्या स्प्रिंगने आत सरकून पात्यांना अडवतात.

लिव्हरचा क्रम तुम्हाला पाठ करून घेतला असेल: ताकद वाढवताना आधी प्रोपेलर मग थ्रॉटल, कमी करताना आधी थ्रॉटल मग प्रोपेलर. कारण सरळ आहे. कमी आरपीएमवर जास्त मॅनिफोल्ड प्रेशर दिलं तर सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, डिटोनेशनचा (मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम स्फोटासारखं पेटण्याचा) धोका येतो. पण याच्या जोडीला एक नियम कानावर पडेल की मॅनिफोल्ड प्रेशरचे इंच आरपीएमच्या शेकड्यांपेक्षा कधीही जास्त नसावेत, म्हणजे २४०० ला २४ च्या वर जायचं नाही. तो मनावर घेऊ नका. तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये क्रूझचा तक्ता असतो. त्यात २२०० आरपीएमला २४ इंच दिले असतील तर ते बेलाशक वापरा. इंजिन शांत चालतं आणि इंधनही वाचतं. समुद्रसपाटीवर टेकऑफच्या वेळी तुम्ही २७०० ला २८-२९ इंच वापरताच, तेव्हा हा नियम कुणाला आठवत नाही.

आता इंधन. वरच्या पंखांच्या विमानात टाक्या इंजिनाच्या वर असतात आणि इंधन स्वतःच्या वजनाने खाली येतं: टाकी, सिलेक्टर, गाळणी, कार्ब्युरेटर. पंपाची गरज नाही. दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवल्या तरी बिघडत नाही, कारण एक रिकामी झाली तरी दुसरीतलं खाली येतच राहतं. (इंजेक्शनवाल्या १७२ मध्ये पंप असतात, पण ते इंजेक्शनला दाब लागतो म्हणून.)

खालच्या पंखांच्या विमानात इंधन वर ओढावं लागतं. इंजिनावर चालणारा एक पंप आणि त्याच्या जोडीला विजेवरचा दुसरा. दोन स्ट्रॉ एकदम तोंडात धरा, एक पाण्यात आणि एक हवेत. पाणी वर येणार नाही, हवाच येईल. ‘बोथ’ ठेवलं आणि एक टाकी आधी रिकामी झाली तर पंपाचं अगदी हेच होतं, दुसरी टाकी निम्मी भरलेली असूनही. म्हणून डावी किंवा उजवी, एका वेळी एकच. अर्ध्या तासाचा नियम दोन्ही पंखांचं वजन सारखं राहावं म्हणून असतो, पण त्याचा मोठा फायदा असा की टाकी पूर्ण रिकामी होण्याच्या आत तुमचा हात सवयीने सिलेक्टरकडे जातो. टाकी बदलताना विजेवरचा पंप चालू करा, सिलेक्टर फिरवा, प्रेशर बघा, थोडं थांबा, मग पंप बंद करून पुन्हा प्रेशर बघा. हे काम जमिनीलगत करू नका. आणि टेकऑफच्या अगदी तोंडावर टाकी बदलू नका. ज्या टाकीवर रनअप (उड्डाणाआधीची इंजिनाची तपासणी) केला, ती इंधन देते हे सिद्ध झालेलं असतं, दुसरीचं नाही.

टाकीतून इंधन बाहेर गेलं की त्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठीची व्हेंटची नळी पंखाखाली असते आणि ती दुर्लक्षित राहते. कुंभारमाशीला ती घरट्यासाठी फार आवडते. नळी बुजली की टाकीत निर्वात तयार होत जातो, प्रवाह मंदावतो आणि इंजिन भरल्या टाकीवर गप्प होतं.

इंधनाच्या गेजवर मी भिस्त ठेवत नाही. तरंगणाऱ्या फ्लोटचा काटा विमान कललं की कलतो. खात्री फक्त टाकीत डोकावून, त्या विमानाच्या डिपस्टिकने मोजून आणि घड्याळ लावून मिळते. टाकीतलं सगळं इंधन वापरण्याजोगंही नसतं. १७२ एसमध्ये ५६ गॅलन मावतात, वापरता येतात ५३.

तळातून नमुना काढताना रंग बघा, नुसता स्वच्छपणा नको. १००एलएल हे पेट्रोल इंजिनांचं विमान-इंधन (अ‍ॅव्हगॅस) निळं असतं. पाणी जड, ते खाली बसतं. कपात दोन थर दिसले तर कुणालाही कळतं, पण कप पूर्ण पाण्याने भरला तर थर दिसतच नाहीत, नमुना छान पारदर्शक दिसतो आणि घाईत पास होतो. कप पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरला तर निळेपणा आहे की नाही हे लगेच समजतं. चुकून जेट इंधन मिसळलं असेल तर तेही हुंगून आणि कागदावर थेंब टाकून कळतं. अ‍ॅव्हगॅस उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो. पेट्रोल इंजिनात जेट इंधन गेलं तर ते टॅक्सी करताना चालेलही, पण टेकऑफच्या पूर्ण ताकदीवर डिटोनेशनने पिस्टन जायला वेळ लागत नाही.

कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात बर्फाचा धोका थंडीपुरता नसतो. व्हेंचुरीत (कार्ब्युरेटरच्या आतल्या अरुंद गळ्यात) हवेचा दाब घटतो, त्यात इंधनाची वाफ होताना उष्णता खेचली जाते, आणि तापमान २०-३० अंशांनी उतरू शकतं. बाहेर २० अंशांचा सुखद, दमट दिवस असला तरी थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ जमतो. फिक्स्ड-पिचमध्ये तुम्हाला आरपीएम हळूहळू उतरताना दिसेल. कॉन्स्टंट-स्पीडमध्ये मात्र ताकद घटली की गव्हर्नर गुपचूप पात्यांचा कोन कमी करतो आणि आरपीएम तसाच धरून ठेवतो. उतरतं ते मॅनिफोल्ड प्रेशर. टॅकोमीटरकडे बघत बसलात तर कळेपर्यंत उशीर झालेला असेल. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) द्यायची ती पूर्ण, अर्धवट नाही. दिल्यावर बर्फ वितळून पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन काही क्षण खडखडतं. घाबरून लिव्हर परत ढकलणारे असतात. धीर धरा, तो खडखडाट म्हणजे उपाय लागू पडल्याची खूण आहे.

मिक्स्चरचं, म्हणजे हवा आणि इंधनाच्या मिश्रणाचंही तसंच. वर जाल तशी हवा विरळ होते. ८००० फुटांवर तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७९ टक्के उरते. कार्ब्युरेटर इंधन मात्र त्या प्रमाणात कमी करत नाही, मिश्रण रिच होत जातं, म्हणजे त्यात इंधन जास्त होतं, प्लग काळे पडतात. फिक्स्ड-पिचमध्ये मिक्स्चरची लाल मूठ मागे घेताना आरपीएम थोडा चढतो, मग उतरू लागतो. शिखर सापडलं की जरासं रिच करायचं, झालं. नव्या विमानात हे शिखर आरपीएमवर दिसणारच नाही, गव्हर्नर ते गिळून टाकतो. तिथे एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा आणि फ्युएल फ्लो बघायचा. टेकऑफला रिच ठेवतात ते जास्तीचं इंधन सिलिंडर थंड ठेवतं आणि डिटोनेशन लांब ठेवतं म्हणून. उंचावरच्या धावपट्टीवर मात्र मॅन्युअल सांगेल तसं आधीच लीन (इंधन कमी) करावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उडताना इंधन तुटलं तर काटे काय दाखवतील? फिक्स्ड-पिचमध्ये आरपीएम स्पष्ट कोसळतो. कॉन्स्टंट-स्पीडमध्ये वारा प्रोपेलरला फिरवत राहतो, गव्हर्नर कोन कमी करत आरपीएम टिकवतो, आणि पिस्टन पूर्वीसारखेच हवा ओढत असल्याने मॅनिफोल्ड प्रेशरही जवळपास तिथेच राहतं. म्हणजे ताकद दाखवणारे दोन्ही काटे ठीक आणि ताकद शून्य. खरं बोलतात ते फ्युएल प्रेशर, फ्युएल फ्लो आणि एक्झॉस्टचं तापमान. त्याआधी तुमची पाठ आणि पाय सांगतील: विमान मागे खेचल्यासारखं होतं आणि नाक एका बाजूला सरकतं. नाक खाली करून ग्लाइडचा वेग धरा, टाकी बदला, विजेवरचा पंप चालू करा, मिक्स्चर रिच करा. इतकं करूनही इंजिन उठलं नाही आणि ऑइलचा दाब शिल्लक असेल तर निळा लिव्हर पूर्ण मागे घ्या. पात्यांचा कोन मोठा झाला की अडथळा घटतो आणि ग्लाइड लक्षात येण्याइतकी लांबते. हे प्रशिक्षकाबरोबर, पुरेशा उंचीवर, थ्रॉटल आयडलला ठेवून एकदा करून बघा. फरक सीटमध्ये जाणवतो.

जमिनीवर इंजिन मिक्स्चरने बंद करतात, चावीने नाही, त्याचं कारणही या दोन यंत्रणांच्या जोडीतच आहे. ठिणगी तयार करणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. चावी बंद केल्यावर त्याला इंजिनाच्या धातूशी जोडून (ग्राउंड करून) ठिणगी थांबवणारी तार तुटली असेल तर चावी बंद असूनही ठिणगी पडते. सिलिंडरमध्ये इंधन उरलं असेल तर हाताने सहज फिरवलेला प्रोपेलर एक-दोन फेरे स्वतः मारतो, आणि तेवढे पुरतात. इंधन तोडून बंद केलं की जाळायला काही उरत नाही. तरीही उभ्या प्रोपेलरला चालू समजूनच वागा. पात्याच्या पुढच्या कडेवर दगडाने पडलेला टवका दिसला तर बोट फिरवून सोडून देऊ नका. टेकऑफला टोकापासून मुळापर्यंत टनांमध्ये ताण असतो आणि फटीगची (वारंवारच्या ताणाने पडणारी) चीर अशाच टवक्यातून सुरू होते. इंजिनिअरने तो घासून गुळगुळीत केला पाहिजे.

शेवटी, तुमच्या नव्या इंजिनात कॉन्टिनेंटलची इंजेक्शन यंत्रणा असेल तर मॅन्युअलमध्ये एक गोष्ट आवर्जून शोधा. ती गरजेपेक्षा जास्त इंधन ओढते आणि उरलेलं परत पाठवते. काही विमानांत हे परतीचं इंधन ठरावीक एकाच टाकीत जातं. ती टाकी काठोकाठ असेल तर ते व्हेंटमधून बाहेर सांडतं, आणि तुमचा उड्डाणाचा हिशोब चुकतो. अशा विमानात सुरुवात त्याच टाकीवरून करायची आणि तिच्यात जागा झाली की मगच दुसरी लावायची.